इंजिन मोठं केलं, पण टिकेल का? घरी बांधलेल्या स्ट्रोकर इंजिनाचा हिशोब

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं किंवा बसमध्ये इअरफोन विसरले, त्यांच्यासाठी ही या एपिसोडची लेखी आवृत्ती. बोलताना आलेले "म्हणजे", "ॲक्च्युअली" काढून टाकलेत आणि हिशोब नीट मांडलेत. बाकी गप्पा तशाच आहेत.

आधी कबुली देतो. मी मेकॅनिक नाही. बीटेक केलं तेही कम्प्युटरमध्ये, आणि पोटापाण्यासाठी कोड लिहितो. पण या दिवाळीत गावी, म्हणजे भंडारा जिल्ह्यात पवनीकडे गेलो, तेव्हा मामेभावाने एक प्रश्न टाकला. त्या प्रश्नामागे मी दोन महिने लागलो. आजचा एपिसोड तोच.

[०१:१५] दादाचा प्रश्न

दादाकडे लिलावातून आलेली जुनी जिप्सी आहे. हौसेची नाही, कामाची गाडी. रोवणीच्या दिवसांत मजूर, डिझेलचे कॅन, खताची पोती, सगळं तिच्यावरच जातं. बांधीकडे जाणारा पांदण रस्ता पावसाळ्यात कसा होतो, ते आपल्याकडच्या लोकांना सांगायला नको. चिखलात गाडी मरते, असं दादाचं म्हणणं.

आणि त्याने यूट्यूबवर एक अमेरिकन व्हिडिओ पाहिला. एका माणसाने आपल्या गॅरेजमध्ये जीपचं चार लिटरचं इंजिन उघडलं, आत दुसरा क्रँक टाकला आणि इंजिन झालं ४.६ लिटरचं. गाडी दगडावर अशी चढते की बघत राहावं. दादा म्हणतो, "काहून बे, आपल्या तेराशेचं नाही का होणार असं? धानाचा चुकारा आला की करून टाकतो. तू इंजिनिअर आहेस ना, सांग, टिकेल का?"

"होईल का" असं त्याने विचारलं नाही, "टिकेल का" असं विचारलं. हा फरक महत्त्वाचा आहे. व्हिडिओमध्ये इंजिन पहिल्यांदा सुरू होताना दिसतं. तीन पावसाळ्यांनंतर त्याचं काय झालं, ते क्वचितच दिसतं.

[०३:००] स्ट्रोकर म्हणजे नेमकं काय

सायकलचा पंप डोळ्यासमोर आणा. पंपाच्या नळीची जाडी म्हणजे बोअर. दांडा जितका वरखाली जातो तो स्ट्रोक. जास्त हवा पाहिजे तर नळी जाड करा, नाहीतर दांड्याची चाल वाढवा. चाल वाढवली की त्याला स्ट्रोकर म्हणायचं.

इंजिनात पिस्टनची ही चाल क्रँकशाफ्ट ठरवतो. क्रँकचा जो भाग मधल्या अक्षापासून बाहेर निघालेला असतो, तो जितका बाहेर, त्याच्या दुप्पट पिस्टनची चाल. म्हणून स्ट्रोक वाढवायचा तर क्रँक बदलावा लागतो.

आता जिप्सीचेच आकडे बघू. १९८५ साली आलेल्या पहिल्या जिप्सीत ९७० सीसीचं इंजिन होतं, बोअर ६५.५ मिमी, स्ट्रोक ७२ मिमी. १९९६ ची जिप्सी किंग आली १२९८ सीसीची, ७४ बाय ७५.५. आणि त्याच सुझुकीच्या जी मालिकेतलं १५९० सीसीचं इंजिन आपल्याकडे जुन्या बलेनो सेडानमध्ये होतं, त्याचं माप ७५ बाय ९०.

तेराशे आणि सोळाशे शेजारी ठेवून बघा. बोअर वाढला फक्त १ मिमी. स्ट्रोक वाढला १४.५ मिमी. म्हणजे सोळाशेचं इंजिन हा एका अर्थाने कंपनीनेच केलेला स्ट्रोकर आहे!

मग सोळाशेचा क्रँक उचलून तेराशेच्या ब्लॉकमध्ये टाकला तर? नाही जमत. स्ट्रोक १४.५ मिमी वाढला की पिस्टन वरच्या टोकाला त्याच्या निम्मा, म्हणजे ७.२५ मिमी जास्त वर जाणार. रॉड तोच, पिस्टन तोच ठेवला तर पिस्टन ब्लॉकच्या बाहेर येऊन हेडवर आदळेल. सुझुकीने काय केलं? सोळाशेसाठी ब्लॉकच उंच केला. कंपनी ब्लॉक नवा ओतू शकते. आपण गॅरेजमध्ये ओतू शकत नाही. घरगुती स्ट्रोकरच्या सगळ्या कटकटी इथून सुरू होतात.

[०६:२०] अमेरिकन जीपवाल्यांना का जमतं

कारण त्यांना कंपनीने नकळत एक देणगी देऊन ठेवली आहे. एएमसी कंपनीचं ४.२ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन १९७१ ते १९९० पर्यंत चाललं. त्याच घराण्यातलं ४ लिटरचं इंजिन १९८७ च्या मॉडेलपासून २००६ पर्यंत चेरोकी आणि रँग्लरमध्ये बसलं. ४.२ चा स्ट्रोक ९८.९ मिमी, ४.० चा ८६.७ मिमी. जुन्याचा क्रँक नव्याच्या ब्लॉकमध्ये थोड्या कामाने बसतो.

स्ट्रोक वाढला १२.२ मिमी, म्हणजे पिस्टन ६.१ मिमी वर जाणार. पण ४.२ चा कनेक्टिंग रॉडही ४.० च्या रॉडपेक्षा सुमारे ६.३५ मिमी आखूड आहे. लांबलेला क्रँक आणि आखूड रॉड, हिशोब जवळपास जुळतो. पिस्टन आधीपेक्षा पाव मिलिमीटर खालीच थांबतो. इंजिन होतं साडेचार लिटरचं, आणि बोअर थोडा घासून मोठा केला की ४.६. भंगारातून दोन इंजिनं आणायची आणि त्यातून एक बांधायचं. म्हणून तिकडे याला गरिबाचा स्ट्रोकर म्हणतात.

आपल्यासारख्यांनी बघायची गोष्ट ही, की ही रेसिपी हजारो लोकांनी वर्षानुवर्षं करून पाहिलेली आहे. कोणता भाग कुठे अडकतो, हे माहीत झालेलं आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर लायब्ररी जुनी आहे आणि बग सापडलेले आहेत. तेराशेच्या जिप्सीसाठी आपल्या गावात अशी लायब्ररी नाही. तिथे पहिला टेस्टर आपणच.

[०९:००] जास्त चालीने नेमकं काय झिजतं

आता "टिकेल का" कडे येऊ. चाल वाढली की तीन गोष्टी बदलतात.

पहिली, वेग. पिस्टनचा सरासरी वेग काढायचं सूत्र सोपं आहे: स्ट्रोकच्या दुप्पट गुणिले आरपीएम, भागिले ६०. चार हजार आरपीएमला मूळ ४.० जीपचा पिस्टन सेकंदाला ११.६ मीटरने चालतो. स्ट्रोकर झाल्यावर १३.२ मीटरने.

दुसरी, झटका. पिस्टन प्रत्येक फेऱ्यात वर एकदा आणि खाली एकदा थांबतो आणि उलटा फिरतो. चार हजार आरपीएमला हे मिनिटाला आठ हजार वेळा होतं. प्रत्येक वेळी त्याला ओढून थांबवायचं काम रॉड आणि रॉडचे बोल्ट करतात. मी हिशोब केला तर या जीपच्या रेसिपीत तेवढ्याच आरपीएमला वरच्या टोकाचा झटका सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो.

तिसरी, तिरपेपणा. रॉडची लांबी भागिले स्ट्रोक, याला रॉड रेशो म्हणतात. मूळ इंजिनात तो साधारण १.८, स्ट्रोकरमध्ये १.५. रॉड जास्तीत जास्त १६ अंश तिरपा व्हायचा, तो आता १९ अंशांपेक्षा जास्त होतो. रॉड जितका तिरपा, तितका पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला जास्त रेलतो. भिंत आणि पिस्टनचा खालचा घेर, दोन्ही लवकर घासले जातात.

ऐकून वाटेल की मग संपलंच. पण नाही. झटका आरपीएमच्या वर्गाने वाढतो. आरपीएम १० टक्के कमी ठेवला तर झटका १९ टक्के कमी होतो. म्हणजे मूळ इंजिन ४६०० पर्यंत फिरवत असाल आणि स्ट्रोकर ४२०० च्या आत ठेवलात, तर या बाबतीत तुम्ही जवळपास तिथेच आलात. आणि चिखलात, चढावर, लो गिअरमध्ये गाडी कुठे पाच हजारावर फिरते? तिथे दोन-अडीच हजारातच काम असतं. म्हणून ऑफ-रोड गाडीत वाढलेली चाल ही स्वतःहून इंजिन मारत नाही.

मग घरी बांधलेली स्ट्रोकर इंजिनं मरतात कशाने?

[१२:४०] खरे मारेकरी

एक नंबर, नॉकिंग. सीसी वाढली पण हेडमधली जागा तेवढीच राहिली, तर कॉम्प्रेशन रेशो आपोआप चढतो. ४.० जीपचा ८.८ असतो. फक्त क्रँक-रॉड बदलले आणि पिस्टन तसेच ठेवले तर तो साधारण ९.७ वर जातो. त्यात पिस्टन आणि हेडच्या सपाट भागामधली फट मोठी राहिली की भर पडते. जाणकार ती फट १ ते १.२ मिमीच्या आसपास ठेवतात. या स्वस्त रेसिपीत ती अनेकदा दोन मिमीच्या जवळ जाते. फट बारीक असली की मिश्रण जोरात मध्यभागी ढकललं जातं आणि झटपट जळतं. फट मोठी असली की कोपऱ्यातलं मिश्रण वाट बघत बसतं, तापतं आणि आपणहून फुटतं. तो टणटण आवाज म्हणजे नॉकिंग. पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटणं, हेड गॅस्केट उडणं, बेअरिंग चेपणं, ही त्याचीच फळं.

यात आपला मे महिना मिसळा. बाहेर ४४-४५ डिग्री, आत येणारी हवाच तापलेली. गाडी लो गिअरमध्ये चालत्या माणसाच्या वेगाने, त्यामुळे रेडिएटरवर वारा नाही, सगळी भिस्त पंख्यावर. जास्त सीसी म्हणजे जास्त उष्णता, आणि रेडिएटर तोच जुना, अर्धा गाळाने भरलेला. ज्या इंजिनाला अमेरिकेतल्या थंड डोंगरात काही होत नाही, ते इथे दुपारी तीन वाजता बांधावर टणटण करू शकतं.

पेट्रोलचंही आहे. आता पंपावर ई-२० मिळतं. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतं, ते नॉकिंगला चांगलं. पण गाडी जुनी, कार्ब्युरेटरवाली असेल आणि जेट तेच ठेवले, तर मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन जास्त तापतं. सीसी वाढवून जेट किंवा ईसीयूचं सेटिंग न बदलणं म्हणजे सर्व्हरवर दुप्पट युजर सोडून कॉन्फिग फाइल जुनीच ठेवणं.

दोन नंबर, ऑइल. बेअरिंग आणि क्रँक यांच्यात ऑइलची पातळ फिल्म असते. ढोबळ नियम असा की जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी मोकळीक ठेवायची. ५० मिमीचं जर्नल असेल तर ०.०५ मिमी. केसापेक्षा बारीक. ती "हाताने हलवून बघितलं, बरोबर आहे" असं म्हणून कळत नाही, मायक्रोमीटर लागतो. शिवाय चढावर गाडी तिरपी झाली की ऑइल चेंबरच्या एका बाजूला जातं, पंपाची चाळणी उघडी पडते आणि दोन-चार सेकंद बेअरिंग कोरडं फिरतं. वाढलेल्या झटक्याला ते दोन-चार सेकंद पुरतात.

तीन नंबर, स्वच्छता आणि पहिला अर्धा तास. बोरिंग-होनिंगनंतर सिलिंडरला चिकटलेला दगडाचा भुसा साबणपाण्याने घासून काढला नाही, तर तो ऑइलबरोबर सगळीकडे फिरतो. नुसतं डिझेलने पुसून तो जात नाही. आणि त्या जुन्या जीप इंजिनांमध्ये नवा कॅम टाकला तर सुरू केल्याबरोबर पहिली वीसेक मिनिटं इंजिन दोन हजारांच्या आसपास चालवावं लागतं, आयडलवर सोडायचं नसतं. हे न केल्याने कॅमचे उंचवटे घासून सपाट झालेली इंजिनं कितीतरी. नाव स्ट्रोकरचं खराब होतं, दोष मात्र स्ट्रोकचा नसतो.

चार नंबर, घासलेला क्रँक. दुसरा क्रँक मिळत नसेल तर काही लेथवाले आहे तोच क्रँक एका बाजूने जास्त घासून चाल वाढवून देतात. काम शक्य आहे. पण अनेक क्रँकच्या पृष्ठभागावर कडक केलेला पातळ थर असतो. तो घासून गेला आणि पुन्हा कडक करून घेतला नाही, तर खाली मऊ लोखंड उरतं. असं इंजिन पहिल्या दिवशी सुंदर वाजतं. पुढे वाजतच राहतं, पण दुसऱ्या अर्थाने.

या चारही गोष्टींत एक समान धागा आहे. स्ट्रोकर टिकतो की नाही हे किती मिमी चाल वाढवली यावर कमी आणि बांधताना काय मोजलं यावर जास्त ठरतं.

[१७:३०] मोजलं का? वहीत लिहिलं का?

म्हणून कुणी तुम्हाला घरी बांधलेलं इंजिन विकायला आलं किंवा तुम्ही स्वतः बांधायला निघालात, तर "किती सीसी" हा प्रश्न शेवटी विचारा. आधी हे विचारा:

– पिस्टन वरच्या टोकाला असताना हेडपर्यंत किती फट आहे? गॅस्केट धरून आकडा सांगा.
– हेडमधली जागा मोजून कॉम्प्रेशन रेशो काढला का, की अंदाज आहे?
– प्रत्येक बेअरिंगची मोकळीक किती? सगळ्यांची वेगवेगळी लिहिली आहे का?
– रिंगचा गॅप किती ठेवला? ढोबळ नियम बोअरच्या ०.४ टक्के, म्हणजे ७४ मिमीला सुमारे ०.३ मिमी.
– क्रँक, रॉड, पिस्टन बदलल्यावर बॅलन्सिंग केलं का?
– इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलला आणि दोन हजारला ऑइल प्रेशर किती?

ज्याने बांधताना वहीत लिहिलं, तो ही यादी पाच मिनिटांत भरून देईल. ज्याच्याकडे वही नाही त्याचं इंजिन कदाचित चांगलंही असेल, पण ते सिद्ध करायला त्याच्याकडे काही नाही. टेस्ट न लिहिता केलेला कोड चालतो तोपर्यंत चालतो, तसंच.

बांधल्यानंतरही वही बंद करायची नाही. दर सहा महिन्यांनी कॉम्प्रेशन टेस्ट, आणि सगळे सिलिंडर एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत हवेत. ऑइल बदलताना जुना फिल्टर कापून उघडायचा आणि आतल्या कागदाच्या घड्या उन्हात धरायच्या. चमचम दिसली की बेअरिंग बोलतंय. एअर फिल्टर तर आपल्या मुरुमाच्या धुळीत पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा लवकर बदला. त्यातून आत गेलेली धूळ सिलिंडरला पॉलिश पेपरसारखी घासते.

[२०:१०] कागदाचीही बाजू

एक गोष्ट व्हिडिओवाले सांगत नाहीत, कारण ते दुसऱ्या देशात राहतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील आणि कंपनीचं मूळ स्पेसिफिकेशन जुळेनासं होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. आरसीवर सीसी लिहिलेली असते. तेराशेची सोळाशे केली की ती ओळ खोटी झाली. इंजिन बदलायचं तर त्याच प्रकारचं, आरटीओची परवानगी घेऊन. अपघात झाला आणि विमा कंपनीने इंजिन तपासलं, तर प्रश्न फक्त इंजिनाचा राहत नाही. मजूर बसवून नेणाऱ्या गाडीला हे विसरून चालणार नाही.

[२१:३०] मग दादाने काय केलं

आता मजा ऐका. एवढं सगळं वाचून मी फोन केला आणि विचारलं, "दादा, गाडी आधीपासून अशीच होती का?" तो म्हणाला, "नाही ना, टायर बदलल्यापासून जरा जास्तच."

टायर! जिप्सीचा मूळ टायर २०५/७० आर १५. त्याचा व्यास येतो ६६८ मिमी. दादाने चिखलासाठी म्हणून टाकले होते २३५/७५ आर १५, व्यास ७३३ मिमी. म्हणजे चाक सुमारे १० टक्के मोठं झालं, आणि तेवढाच चाकाला मिळणारा जोर कमी झाला, प्रत्येक गिअरमध्ये. तो अमेरिकन स्ट्रोकर सगळी उठाठेव करून जो वाढीव जोर देतो तो सीसीच्या प्रमाणात धरला तर १४-१५ टक्के. म्हणजे दादा टायरने घालवलेला जोर परत मिळवायला इंजिन फाडणार होता.

आम्ही आधी कॉम्प्रेशन टेस्ट केली. चारपैकी एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी निघाला. रिंग संपल्या होत्या. म्हणजे तेराशेतलेही तेराशे पूर्ण काम करत नव्हते.

दादाने शेवटी मूळ मापाचे, पण चिखलाच्या खोल नक्षीचे टायर घेतले, तेच इंजिन स्टँडर्ड मापात नीट बांधून घेतलं आणि रेडिएटर उघडून साफ केला. बांधताना मेकॅनिककाकांच्या शेजारी वही घेऊन बसला. काका आधी चिडले. "माझ्यावर भरोसा नाही का?" म्हणाले. मग स्वतःच मायक्रोमीटर वाचून आकडे सांगायला लागले.

स्ट्रोकर वाईट असं माझं म्हणणं नाही. गाडी हौसेची असेल, घरी दुसरं वाहन असेल, जवळ चांगलं मशीन शॉप असेल आणि मोजायची आवड असेल, तर त्याच्यासारखं शिक्षण नाही. पण ज्या गाडीवर रोवणी अवलंबून आहे, ती आठ दिवस ब्लॉक उघडा टाकून उभी राहिली तर किती नुकसान होतं, तो आकडा सीसीपेक्षा मोठा आहे. आधी टायर आणि गिअरचा हिशोब करा, मग आहे त्या इंजिनाची तब्येत बघा, आणि त्यानंतरही जोर कमी पडत असेल तर मोठ्या इंजिनाचा विचार करा.

दादाची खरी परीक्षा येत्या पावसाळ्यात आहे. तेव्हाचे ऑइल प्रेशरचे आकडे त्याच्या वहीतून घेऊन पुन्हा सांगेन. तुमच्यापैकी कुणी घरी इंजिन बांधलं असेल, स्ट्रोकर असो की साधं, तर गरम इंजिनाचं आयडलचं प्रेशर आणि आतापर्यंत झालेले किलोमीटर व्हॉइस नोटने पाठवा. बिघडलेल्यांचेही पाठवा, त्यातून जास्त शिकायला मिळतं. भेटू पुढच्या एपिसोडला!